बारावीचं ‘आपलं काम’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या चित्रकलेच्या वर्गात अकरावी-बारावीची पोरं शेवटच्या वर्षी एक मोठं काम करतात. विषय त्यांचा, हातही त्यांचाच. जून उजाडला की तेच ते प्रश्न सुरू होतात. थोडे पोरांचे असतात, जास्त पालकांचे, आणि काही रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले. म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. एखादं उत्तर दुसरीकडं दिलेलं असेल तर तिथला आकडा सांगितलाय, तेवढं मागंपुढं बघायचं.

१. सर, ‘आपलं काम’ म्हणजे नक्की काय? चित्रं तर आम्ही रोज काढतोय की.

रोज काढता ती तयारी. वस्तुचित्राला तांब्या, दोन केळी आणि निळं कापड मी मांडतो आणि तुम्ही काढता. इथं तांब्या कुठला, कुणाचा आणि तो काढायचाच कशाला, हे सगळं तुम्ही ठरवायचं. एकच मोठं चित्र चालतं, सहा लहान चित्रांची मालिका चालते, शाडूचं शिल्प किंवा लिनोकटचे छापही चालतात. अट एवढीच की बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, हे याच पोरानं केलेलं असणार. शेजारी बसणाऱ्याचा हात तुमच्यापेक्षा कितीही तयार असला तरी त्याला ते सुचलं नसतं.

२. बोर्डाला हे लागतं का? मार्क किती?

आम्ही करून घेतो त्या कामाला राज्य मंडळाचे मार्क नाहीत. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांच्या ग्रेडचे वाढीव गुण दहावीला मिळून जातात, बारावीला त्याचा उपयोग नाही. सीबीएसईच्या पोरांचं वेगळं आहे. तिथं बारावीला पेंटिंग विषय घेतला तर ३० गुण लेखी आणि ७० प्रात्यक्षिकाचे असतात, आणि त्या ७० मध्ये वर्षभराच्या पोर्टफोलिओचाही वाटा असतो. आमच्याकडं केलेलं काम त्यात बसतं का, हे शाळेतल्या सरांना आधी विचारायचं.

कल्पना आमच्या डोक्यातली नाही, हेही सांगून टाकतो. ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्स राज्यात बारावीच्या ‘व्हिज्युअल आर्ट्स’ विषयाला ५० गुण लेखी परीक्षेचे आणि ५० गुण ‘बॉडी ऑफ वर्क’चे असतात. विद्यार्थी स्वतः विषय निवडून महिनोन्‌महिने ते काम करतो, सोबत प्रक्रियेची वही ठेवतो. निवडक कामांचं ‘आर्टएक्सप्रेस’ नावाचं प्रदर्शन दरवर्षी भरतं. आम्ही पद्धत उचलली. मार्क तेवढे उचलता आले नाहीत.

३. मग बीएफएच्या प्रवेशाला तरी उपयोग होतो का?

थेट नाही. राज्याच्या बीएफए (चित्रकलेची पदवी) सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान असतं. वर्षभराचं काम तिथं कुणी मागत नाही. पण स्मरणचित्राला ‘बसस्टँड’ किंवा ‘बाजार’ आला की ज्यानं चार महिने रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजारात उभं राहून रेखाटनं केलीत, त्याची माणसं डोक्यावर पाटी घेऊन चालतात. बाकीच्यांची बाहुल्यांसारखी उभी राहतात.

४. मला विषयच सुचत नाही. माझ्या आयुष्यात खास असं काही घडलेलंच नाही.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दर वर्षी पहिल्या आठवड्यात कागदावर येतात ते विषय असे: स्त्रीशक्ती, पर्यावरण वाचवा, मोबाईलचं व्यसन, आईचं प्रेम. विषय वाईट नाहीत, पण ते घोषवाक्याच्या फलकावरून आलेले असतात. त्यात पंख फुटलेली बाई असते, अर्धं हिरवं आणि अर्धं वाळलेलं झाड असतं, साखळीनं बांधलेला हात असतो. काढणारा कोण ते कळत नाही.

मी उलटे प्रश्न विचारतो. घरात अशी कुठली वस्तू आहे जी कुणी वापरत नाही आणि टाकूनही देत नाही? कुठला वास आला की घर आठवतं? कुणाच्या हाताकडं तू रोज बघतोस? उत्तर लगेच नको. आठ दिवस वहीत (प्रश्न ७ बघा) नुसतं टिपायचं.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी स्त्रीशक्तीवरच अडून बसली होती. सप्टेंबरपर्यंत पंखांची चार रेखाटनं झाली, चारी मेलेली. वडील शिरोलीच्या एका फाउंड्रीत कामाला. एकदा सकाळी दोरीवर त्यांचा शर्ट वाळत होता, मागून ऊन आलं आणि शर्टावरची बारीक बारीक भोकं तिला एकदम दिसली. वितळलेल्या लोखंडाचे शिंतोडे उडून पडलेली. शर्ट ती रोजच धूत होती, भोकं आधीही होतीच.

तिनं फुल शीट घेतली, पेन्सिलीनं शर्ट एवढा हलका काढला की चार फुटांवरून दिसू नये, आणि प्रत्येक भोक उदबत्तीच्या टोकानं जाळून केलं. उजव्या बाहीवर दाट, पोटापाशी विरळ. कडा तपकिरी, आत आरपार. वडील बघायला आले, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “डाव्या खांद्यावर एवढी न्हाईत.” तिनं तो भाग कापून नवा कागद मागून चिकटवला. ते ठिगळ मूळ चित्रापेक्षा भारी दिसतं, असं माझं मत. तिला अजून पटलेलं नाही.

‘खास घडलं नाही’ म्हणणाऱ्यांना मी हा शर्ट दाखवतो. त्या घरातही खास काही घडलेलं नव्हतं.

५. रंकाळा, पन्हाळा, अंबाबाईचं देऊळ यातलं काही घेतलं तर चालेल का? कोल्हापूरचा अभिमान म्हणून.

अभिमान म्हणून नको. तुमचं तिथं रोजचं काही असेल तर घ्या.

इथले जुने चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थ तळ्याच्या काठी राहिले आणि तेच पाणी, तीच झाडं, तोच उजेड पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. १९३१ साली ते गेले. त्यांचं निसर्गचित्र बघितलं की पाण्यावरचा सकाळचा उजेड आणि तिसऱ्या प्रहरचा उजेड त्यांना वेगळा माहीत होता हे कळतं. पोस्टकार्डावरचा रंकाळा बघून असं चित्र होत नाही. तुमची आजी रोज पहाटे रंकाळ्याला चालायला जाते आणि त्याच एका कट्ट्यावर बसते, तर तो कट्टा घ्या. संध्यामठ मागं धूसर राहिला तरी बिघडत नाही.

हल्ली केशवराव भोसले नाट्यगृहाची आग पुष्कळ जण मागतात. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री शाहू महाराजांच्या काळातलं ते नाट्यगृह जळालं, तेव्हा अख्खं गाव हळहळलं. ज्वाळांचे फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर आहेत आणि सगळे ज्वाळाच काढतात. एकानं मात्र दुसऱ्या दिवशी शेजारच्या खासबाग मैदानाकडच्या बाजूला गप्प उभी राहिलेली माणसं काढली, नुसत्या पाठी. त्यातली एक पाठ त्याच्या काकांची. ते तिथं पडदा ओढायचे.

६. चित्र केवढं काढायचं? मोठं असलं की चांगलं दिसतं ना?

मोठं असलं की मोठं दिसतं. २२ बाय ३० इंचाची फुल इंपीरियल शीट बहुतेकांना पुरते, मालिका असेल तर त्याचे अर्धे किंवा पाव. सहा फुटी कॅनव्हासचा हट्ट धरणाऱ्याला मी एवढंच विचारतो, की घरात जिना किती रुंद आहे? एकदा एक चित्र स्ट्रेचरवरून, म्हणजे कॅनव्हास ताणलेल्या लाकडी चौकटीवरून, उतरवून, गुंडाळी करून खाली आणावं लागलं होतं. रंग तडकला तो तडकलाच.

७. वही कशाला? चित्र झालं की झालं.

वहीत सगळं जातं: बसमध्ये काढलेली रेघ, रंग मिसळून बघितलेले चौकोन, चिकटवलेलं तिकीट, ‘आज काही जमलं नाही’ ही ओळसुद्धा. सुवाच्य नको, सजवलेली तर नकोच. डिसेंबरात चित्र अडलं की वाट वहीत सापडते, कारण ऑगस्टमध्ये सुचलेलं आपण विसरलेलो असतो. दुसरा उपयोग प्रश्न १२ मध्ये आहे.

एक सूचना. वही महाग घेऊ नका. महाग वहीत पोरं घाबरत घाबरत काढतात.

८. सर, बारावीचं वर्ष आहे. याचा अभ्यास बुडाला तर जबाबदार कोण? (हा पालकांचा.)

काळजी रास्त आहे, म्हणून वेळापत्रकच तसं लावलंय. जून ते सप्टेंबर वही आणि शोध, आठवड्याला दोन बैठका. दिवाळीच्या सुट्टीत मुख्य काम बसवायचं. डिसेंबर संपताना हात थांबवायचा. बोर्ड फेब्रुवारीत येतं, त्यामुळं जानेवारीत फक्त फ्रेम, चिठ्ठी, किरकोळ दुरुस्ती. जानेवारीत ‘अजून थोडंच राहिलंय’ म्हणणाऱ्याला मी स्वतः घरी पाठवतो.

तरीही पोरगं चित्रामागं लपून फिजिक्स टाळतंय असं वाटलं तर फोन करा. असं होतं, आणि ते चित्रातही दिसतं: कोपरे फार निगुतीनं रंगवलेले असतात, मधला भाग मोकळा.

९. खर्च किती येईल?

उदबत्तीच्या शर्टाला दोनशे रुपयेही लागले नाहीत. तैलरंग, कॅनव्हास आणि फ्रेम म्हटलं की हजारांत जातं. रंगांचा मोठा संच घेण्यापेक्षा चार-पाच सुट्या ट्यूब बऱ्या: पांढरा मोठा, पिवळा, तांबडा, निळा आणि एक मातकट. काळा मिसळून करायला शिका. फ्रेम शेवटी, आणि साधी. सोनेरी नक्षीची फ्रेम लग्नाच्या फोटोला ठेवा.

१०. तालमीतली माती, गूळ, चपलेचं कातडं अशा वस्तू वापरल्या तर चालतात का?

चालतात, पण आधी तुकड्यावर करून बघायचं आणि महिनाभर ठेवायचं. या प्रश्नाची किंमत आम्ही मोजलेली आहे.

तालमीची तांबडी माती रंगाला देखणी. पण तीत ताक, तेल, हळद, लिंबू, काव असं बरंच काही मुरवलेलं असतं. तेलामुळं पाण्यात कालवलेला डिंक तिला नीट धरत नाही, वाळली की पापुद्रे सुटतात. चाळून, अ‍ॅक्रिलिकच्या माध्यमात पातळ थरांनी लावली तर टिकते. आणि माती घेण्याआधी वस्तादांना विचारायचं. आखाड्यातली माती न विचारता पिशवीत भरलेली कुणाला चालणार नाही.

गूळ विसरा. कागल भागातल्या एका पोराच्या घरचं गुऱ्हाळ, त्यानं काकवीचे थर देऊन उसाचं शेत केलं. रंग काय आला होता, मधासारखा, उजेडात पेटलेला. पण गूळ हवेतलं पाणी ओढतो. पावसाळी दिवसात चित्र पाझरायला लागलं आणि चौथ्या दिवशी सकाळी मुंग्यांची रांग खिडकीतून थेट चित्रापर्यंत. पोरगं शहाणं निघालं, त्यानं मुंग्यांचे फोटो काढले आणि तेच काम म्हणून मांडलं. सगळ्यांना असं नशीब मिळत नाही.

कातडं छापायला उत्तम. सुभाषनगरातल्या एकानं घरी उरलेले चपलेचे तुकडे, कान, वेणी, अंगठा, शाईचा रोलर फिरवून कागदावर दाबले. टोच्याच्या खुणा अशा उठल्या की जणू कुणी अक्षरं लिहिलीत. कातडं पावसाळ्यात बुरशी धरतं, म्हणून मूळ तुकडे कोरड्या डब्यात.

शाडू चिरतो तो जाड-बारीक भाग वेगवेगळ्या वेगानं वाळतात म्हणून. आतून पोकळ ठेवा, ओल्या फडक्यात गुंडाळून सावकाश वाळवा. जास्त माहिती हवी तर बापट कॅम्पात, मूर्ती करणाऱ्या कुंभारांच्या वस्तीत, जाऊन विचारा. गणपती झाल्यावर जा, आधी गेलात तर कुणाला बोलायला सवड नसते.

११. फोटोवरून काढलं तर ती नक्कल का?

फोटो कुणाचा, यावर आहे. इंटरनेटवरून उतरवलेला असेल तर आपल्या इथं तो बाद. स्वतः काढलेला किंवा घरच्या अल्बममधला चालतो, पण नुसता मोठा करून उतरवायचा नाही. फोटोनं काय गाळलं ते चित्रात आलं पाहिजे. प्रयाग चिखलीच्या एका मुलीकडं २०१९ च्या पुरात भिजलेला आईबाबांच्या लग्नाचा अल्बम होता. फोटो एकमेकांना चिकटून सोलले गेलेले, एका फोटोत नवरदेवाच्या खांद्यावर भलत्याच कुणाचा कान. तिनं चेहरे दुरुस्त केले नाहीत, जसे सोलले तसे रंगवले. ते फोटोवरूनच काढलं होतं आणि नक्कल अजिबात नव्हती.

१२. एआयकडून कल्पना किंवा चित्र करून घेतलं तर कळतं का?

बहुतेक वेळा वही मागितली की कळतं. चित्र डिसेंबरात तयार आणि वहीत ऑगस्टपासून काहीच नाही, असं कसं होईल? मोबाईलवर किंवा टॅबवर स्वतःच्या हातानं काढायला हरकत नाही, थर जपून ठेवा. एआयला ‘कोल्हापूरचं भावनिक चित्र’ सांगून बघा एकदा गंमत म्हणून. फेटा, मशाल, मावळतीचा सूर्य. वर प्रश्न ४ मध्ये घोषवाक्यं म्हटली तीच, फक्त चकचकीत.

१३. वडील मागच्या वर्षी गेले. त्यांच्यावर काम करायचंय, पण सुरुवात केली की रडू येतं.

घाई नाही. आधी वस्तूकडून जा: चष्मा, गाडीची किल्ली, त्यांच्या हातानं लिहिलेली उधारीची चिठ्ठी. चेहरा शेवटी आला तरी चालेल, नाही आला तरी चालेल. काम सगळ्यांना दाखवायचं की नाही हे तूच ठरवशील आणि आदल्या दिवशी नाही म्हणालीस तरी ते उतरवू. महिनाभर झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर चित्र बाजूला ठेवून घरच्यांशी आणि डॉक्टरांशी बोलायचं. मी चित्रकलेचा मास्तर आहे, त्यापुढचं मला येत नाही.

१४. घरातली भांडणं, दारू, कर्ज असे विषय घेतले आणि घरचे चिडले तर?

विषय तुमचा असला तरी त्यातली माणसं जिवंत आहेत. ज्याचा चेहरा ओळखू येतो त्याला आधी विचारायचं. नाही म्हणाला तर चेहरा नाही, पण रिकामी खुर्ची काढायला कुणाची परवानगी लागत नाही. बँकेची नोटीस लावायची असेल तर नाव, खाते क्रमांक झाका. गेल्या वर्षी एका आजींनी स्वतःचं चित्र बघून “एवढी म्हातारी न्हवं मी” म्हणून दोन दिवस अबोला धरला. चित्र बदललं नाही. नातीनं दोन दिवस आजीचा चहा केला, तेवढ्यावर मिटलं.

१५. शाहू महाराजांचं किंवा देवीचं चित्र काढलं तर ते ‘आपलं’ धरतात का?

कॅलेंडरवरून उतरवलं तर नाही. घरच्या देव्हाऱ्यातला टाक, त्यावर बसलेली हळदीची पुटं, आजोबांच्या दुकानात धूप खाऊन काळवंडलेली शाहू महाराजांची तसबीर, हे आपलं. भक्तिभावाला हरकत नाही, पण ती तसबीर बघणारा चित्रात कुठं तरी असायला हवा.

१६. नोव्हेंबरात वाटतंय की सगळंच चुकलं. नवीन सुरू करू?

आठ दिवस चित्र भिंतीकडं तोंड करून ठेवा. मग उलटं फिरवा. बहुतेक वेळा एखादाच कोपरा जिवंत असतो. तो कापून घ्या, त्यावरून पुढं जा. साफ नवा विषय नोव्हेंबरात घ्यायचा नाही, वेळापत्रक प्रश्न ८ मध्ये आहे. अपवाद एकच: विषय दुसऱ्याच्या आग्रहानं घेतला होता हे आत्ता कळलं असेल तर. मग लहान कागदावर, शाईनं, महिन्याभरात होईल तेवढं करा. तसलं एक काम माझ्या आजवरच्या आवडत्या पाचांत आहे.

१७. सर थोडा हात लावून देतील का? नाक जमत नाही.

नाही. पूर्वी लावायचो. एका पोराच्या आईच्या चित्रात डोळे बसत नव्हते, उद्या प्रदर्शन, म्हणून रात्री बसून मी दुरुस्त केले. सगळ्यांनी डोळ्यांचंच कौतुक केलं. पोरगं शेजारी उभं राहून खाली बघत होतं. ते चित्र त्यांच्या घरी अजून भिंतीवर आहे, आणि त्यातली आई माझ्या डोळ्यांनी बघते. आता मी दुसऱ्या कागदावर दाखवतो, तो कागद फाडून टाकतो.

१८. चित्राशेजारच्या चिठ्ठीत काय लिहायचं?

चार ओळी. काय आहे, कशानं केलं, कुठून आलं. ‘या चित्रातून मी समाजाला संदेश देऊ इच्छितो’ असं सुरू झालं की मी लाल पेन काढतो. शर्टाच्या चिठ्ठीत एवढंच होतं: “पप्पांचा कामाचा शर्ट. पेन्सिल, उदबत्ती. डावा खांदा पप्पांनी तपासला.”

१९. प्रदर्शन कुठं भरतं? बाहेरच्यांना येता येतं का?

दसरा चौकात शाहू स्मारक भवनाचं कलादालन मिळालं तर तिथं, त्याची तारीख फार आधी धरावी लागते. नाही मिळालं तर वर्गातच, दोरीला चिमटे लावून. दारं सगळ्यांना उघडी. पोरांना त्याआधी दोन ठिकाणी नेतो: टाउन हॉलचं संग्रहालय, आणि राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय. मांडरे सिनेमातले नट म्हणून पालकांना ठाऊक असतात. पावडर शेडिंगची, म्हणजे कोरड्या रंगाच्या पावडरीनं केलेली, त्यांची चित्रं बघून पोरं काचेला नाक लावतात.

२०. कुणी विकत मागितलं तर द्यायचं का?

पहिलं वर्षभर नको. फोटो नीट काढून ठेवा, मग तुमची मर्जी. शर्टाला एका गृहस्थानं चांगला भाव सांगितला होता. मुलीनं वडिलांकडं बघितलं. ते म्हणाले, “शर्ट पायजे तर देतो. कपाटात अजून तीन हाईत.”